हाताचे सांधे: हालचाल दिसते एकीकडे, घडते दुसरीकडे

मणिबंध

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते. हाताचे सांधे सुरू करताना पुस्तक उघडायच्या आधी मुलांना एक साधी गोष्ट करायला लावते. तळहात उताणा ठेवा, आता पालथा करा. कुठला सांधा फिरला? जवळजवळ अख्खा वर्ग "मनगट" म्हणून मोकळा होतो.

आता दुसऱ्या हाताने, घड्याळ बांधतो त्याच्या जरा वर, दोन्ही हाडं घट्ट आवळून धरा आणि तळहात पालथा करून दाखवा. नाही ना होत? मनगट पुढे-मागे वाकतं, अंगठ्याकडे नि करंगळीकडे कलतं, पण स्वतःभोवती जवळपास फिरत नाही. फिरतं ते कोपराखालचं एक हाड. करंगळीच्या बाजूची अल्ना बहुतांशी जागेवर राहते आणि अंगठ्याच्या बाजूची रेडियस तिच्यावरून तिरकी पलीकडे जाते. त्यासाठी दोन सांधे आहेत, एक कोपरापाशी, दुसरा मनगटाच्या वर. दोन्ही एकदमच हलावे लागतात. एक अडकला की दुसराही बसला.

हाताच्या बाबतीत हे सगळीकडेच आहे. हालचाल जिथे दिसते तिथे ती होतेच असं नाही, आणि दुखणं कुठून आलं हे समजायला आधी हे कळावं लागतं. म्हणून हा धागा. वाचताना हात मोकळे ठेवा.

वरून सुरुवात करू. 'खांदा' म्हणून आपण जे दाखवतो तो एक सांधा नाही, चार आहेत. गळ्याच्या खळगीशेजारी कॉलर बोनचं गोलसर टोक लागतं, त्यावर बोट ठेवा आणि त्याच बाजूचा हात वर न्या. टोक हलताना जाणवेल. अख्खा हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त इथे, छातीच्या मधल्या हाडाशी. बाकी सगळं स्नायूंवर टांगलेलं. कॉलर बोनचं दुसरं टोक खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, वरच्या कंगोऱ्याला जोडलं जातं, तो दुसरा सांधा, छोटाच. तिसरा म्हणजे खवाटा बरगड्यांवरून सरकतो ती जागा. तिला ना कॅप्सूल (सांध्याभोवतीची पिशवी) ना कूर्चा, तरी हालचालीच्या हिशोबात सांधा म्हणून धरावीच लागते. आणि चौथा तो प्रसिद्ध उखळीचा सांधा.

उखळ म्हणायचं, पण खुब्याशी तुलना केली तर ही बशी आहे आणि तिच्यावर चेंडू टेकवलाय. दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग एका वेळी बशीला टेकतो. बशीच्या काठाला लॅब्रम नावाची चिवट कडा आहे, ती खोली थोडी वाढवते. गोळा जागेवर धरायचं खरं काम चार स्नायूंचं, ज्यांना आपण रोटेटर कफ म्हणतो. हाडाने बांधून ठेवलं असतं तर पाठ खाजवता आली नसती. बांधलं नाही म्हणून खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त वेळा निखळणारा मोठा सांधा झाला, आणि निखळतो तोही बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

हात बाजूने थेट डोक्यावर नेला की साधारण १८० अंश होतात. त्यातले १२० या उखळीत, उरलेले ६० खवाटा फिरल्यामुळे. दोनास एक. सुरुवातीचे तीसेक अंश बहुतांशी उखळीतच होतात, मग खवाटा सामील होतो. या जुगलबंदीला नाव दिलं अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या सर्जनने, १९३४ च्या खांद्यावरच्या ग्रंथात. इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये ती मोजून दाखवली. प्रत्येकात नेमकं दोनास एक नसतं, पण शिकायला आकडा बरा.

कोपर नि पुढचं प्रतिसादांत लिहिते.

कोरा_कागद

मस्त धागा. ऑफिसात बसून वाचतोय आणि आजूबाजूचे वळून बघतायत.

शंका: अंगठा जमिनीकडे करून हात बाजूने वर नेला की खांद्याच्या पातळीला अडतो. अंगठा वर केला की सरळ डोक्यापर्यंत जातो. हे का?

मणिबंध

कोरा_कागद, चांगलं पकडलंत. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने एक उंचवटा आहे. हात वर जाताना तो खवाट्याच्या कंगोऱ्याखाली येऊन अडतो. हाड बाहेरच्या बाजूला फिरवलं की उंचवटा मागे सरकतो आणि वाट मोकळी होते. आपण हे नकळत करत असतो.

मात्र सरळ हाताने हा प्रयोग फसवा आहे. अंगठा खाली नेताना थोडं खांद्यातून फिरतं नि थोडं कोपराखालून, दोन्ही मिसळतं. म्हणून कोपर काटकोनात वाकवा. आता कोपरापुढचा हात हा खांद्याचा काटा झाला. तो जमिनीकडे ठेवून दंड वर न्या, अडेल. तो छताकडे करा, जाईल.

त्या अरुंद फटीतूनच सुप्रास्पायनेटस या स्नायूचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जातं. ते सुजलं की साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान दुखतं, त्याच्या अलीकडे नि पलीकडे फारसं नाही. पेशंट "मधेच दुखतं" म्हणतो ते हेच.

उनाड_पेन्सिल

मी थ्रीडी ॲनिमेशनमध्ये रिगिंग करतो, म्हणजे पात्रांना हलवता येईल असा सांगाडा बसवतो. धागाकर्तीने पहिल्याच परिच्छेदात माझ्या धंद्याचं दुखणं सांगितलं. नवखा माणूस कॅरेक्टरला मनगटाचा एक जॉइंट देतो आणि तळहात फिरवायला तोच फिरवतो. पडद्यावर मनगटाची पार पिळवटून वळकटी होते. उपाय म्हणून कोपर ते मनगट यांच्यात दोन-तीन जास्तीची हाडं टाकतो आणि पीळ त्यांच्यात वाटून देतो, कोपरापाशी शून्य, मनगटापाशी पूर्ण. शरीरात तर दोनच हाडं आहेत, मग कातडी अशी सावकाश कशी पिळते?

मणिबंध

रेडियसमुळेच. तिचं वरचं टोक जागच्या जागी गरगर फिरतं आणि खालचं टोक अल्नाला वळसा घालून पलीकडे जातं. फिरण्याचा अक्ष तिरका आहे, वर रेडियसच्या डोक्यातून निघून खाली अल्नाच्या टोकातून बाहेर पडतो. त्यामुळे कोपराजवळचा मांसल भाग फारसा सरकत नाही, मनगटाजवळचा पूर्ण पालथा होतो. तुमचं शून्य ते पूर्ण बरोबर आहे.

रिगिंगवाल्यांसाठी आणखी एक. मधल्या अवस्थेपासून तळहात दोन्हीकडे साधारण ८०-८५ अंश फिरतो. त्याहून जास्त हवं असेल तर दंड फिरवावा लागतो. उंचावरच्या बल्बला माणूस हात लांब करून पिळ देतो, तेव्हा खांदाही सोबत फिरत असतो.

आणि स्क्रू घट्ट करताना कोपर वाकवलेलं का असतं? तळहात उताणा करणारा सगळ्यात ताकदवान स्नायू बायसेप्स आहे आणि तो हे काम कोपर वाकलेलं असताना चांगलं करतो. लोकांना वाटतं बायसेप्स फक्त कोपर वाकवायला असतो.

त्रिज्या

गणिताच्या बाजूने एक गंमत, हात मोकळे असतील तर.

हात खाली सोडा, कोपर सरळ, तळहात मांडीकडे. आता कुठेही पीळ न देता १) हात समोर खांद्याच्या उंचीला आणा, २) तसाच आडवा बाजूला न्या, ३) खाली सोडा. तळहात आता मांडीकडे नाही, पुढे बघतोय. हात नव्वद अंश फिरला, आणि तुम्ही तो फिरवलाच नाही.

वरच्या कॉडमन यांनीच खांद्याचं हे कोडं मांडलं, त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. मी दिलेला त्याचा सोपा अवतार. त्रिमितीत फिरवण्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, बेरजेसारखं नसतं. एकाच अक्षावर फिरणाऱ्या कोपरात हे होऊच शकत नाही, खांद्यात होतं.

उनाड_पेन्सिल

त्रिज्या, हेच आमच्याकडे दर आठवड्याला कुणाचं तरी डोकं खातं. सॉफ्टवेअरमध्ये आधी क्ष, मग य, मग झ हा क्रम ठरवावा लागतो, आणि चुकीचा ठरवला की खांदा भलतीकडेच. शरीराला क्रम ठरवावा लागत नाही, मजा आहे त्याची.

सावली

कोपराबद्दल लिहिणार आहात तर एक विचारते. मुलगी अडीच वर्षांची असताना पायरी चढताना तिचा हात धरून वर ओढला. रडली, आणि मग हात लटकता ठेवून बसली, हलवेचना. सूज नाही, काही नाही. डॉक्टरांनी हात वळवून कोपर वाकवलं, बारीक 'टक' झालं आणि पाच मिनिटांत खेळायला लागली. नेमकं काय झालं होतं?

मणिबंध

सावलीताई, हे अगदी ठरलेलं चित्र आहे, बहुतेक एक ते चार-पाच वर्षांच्या मुलांत. रेडियसचं वरचं टोक जिथे फिरतं तिथे त्याला एका गोल लिगामेंटने (हाडं एकमेकांना बांधणारा चिवट पट्टा) वेढलेलं असतं. लहान मुलांत हे लिगामेंट खाली पातळ असतं. हात लांब ओढला की ते डोक्यावरून सरकून सांध्याच्या फटीत अडकतं. तळहात वळवून कोपर वाकवलं, किंवा तळहात पूर्ण पालथा केला की ते परत जागेवर जातं. वय वाढतं तसं लिगामेंट जाड होतं आणि हा त्रास थांबतो. रेडियसचं डोकंच लहान असतं म्हणून निसटतं, असं जुनं स्पष्टीकरण अजून ऐकू येतं, ते टिकलेलं नाही.

इतर वाचकांसाठी: मूल पडलेलं असेल किंवा कोपर सुजलं असेल तर घरी काहीही वळवू नका. त्या वयात कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडणं खूप नेहमीचं आहे, आणि तिथून शीर नि नसा अगदी चिकटून जातात.

आता कोपर. बाहेरून बिजागरी दिसते, आत एकाच कॅप्सूलमध्ये तीन सांधे आहेत. दंडाचं हाड आणि अल्ना यांचा, हीच खरी बिजागरी. दंडाचं हाड आणि रेडियस यांचा. आणि रेडियस-अल्ना यांचा, जो तळहात फिरवतो. बिजागरी इतकी घट्ट बसलेली की खांद्याचा बेभरवसा इथे नाही.

तीन हाडं हाताला लागतात. कोपराचं टोक, आणि त्याच्या दोन बाजूंचे दोन उंचवटे. हात सरळ ठेवून तिन्हींवर बोटं ठेवा, एका ओळीत येतात. कोपर काटकोनात वाकवा, टोक खाली सरकून त्रिकोण होतो. दंडाचं हाड वर मोडलं असेल तर तिन्ही एकत्रच सरकलेले असतात, आपसातलं नातं तसंच. कोपर निखळलं असेल तर त्रिकोण बिघडतो. एक्स-रे यायच्या आधी बोटांनी एवढं कळतं, म्हणून मला ही तपासणी फार आवडते. परीक्षेत विचारतेच.

आतल्या उंचवट्याच्या मागच्या खोबणीतून अल्नार नस जाते. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या तिच्या. हाडाचा काही संबंध नाही.

घुबड_जागं

सुश्रुताने हे सगळं आधीच सांगितलंय. त्याच्या संहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार दिलेत: कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल, शंखावर्त. एकूण २१० सांधे. त्याचा उल्लेख कसा नाही?

आगाऊ_कार्टं

आला, 'आधीच सांगितलंय' आला. धागा पूर्ण झाला.

मणिबंध

कार्टं, थांबा जरा. घुबड यांनी चांगला विषय काढलाय, फक्त 'हे सगळं' हा शब्द जास्त झाला.

सुश्रुताची मोजणी तपशिलात पाहण्यासारखी आहे. हातपायांत ६८, म्हणजे एकेका अवयवात १७. पायाचा हिशोब दिलाय आणि हातांचंही तसंच समजा म्हटलंय. बोटांना तीन-तीन, अंगठ्याला दोन, झाले १४. मग मनगट, कोपर, काख असे तीन. चौदाचा आकडा आजच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळतो, मुठीच्या गाठींपासून पुढे मोजलं की आपल्यालाही १४ च मिळतात. प्रकारांतही बोटं, मनगट, कोपर कोर या गटात नि काख उलूखलात, म्हणजे उखळीत. आकार पाहूनच वर्ग पाडलेत. त्याच उलूखलात दातही घातलेत, तिथे आपली वाट वेगळी होते, कारण दात हलण्यासाठी बसवलेला नसतो.

पण सतरामध्ये काय नाही ते पाहा. तळहात फिरवणारे दोन सांधे वेगळे मोजलेले नाहीत. आणि अंगठ्याचा सगळ्यात कामाचा सांधा, मुळाशी मनगटाला लागून असलेला, तोही वेगळा नाही. आज माझा वर्ग जिथे फसतो नेमक्या त्याच जागा. डोळ्यांना ते मनगटच वाटतं.

घुबड_जागं

सतराची फोड इतकी पाहिली नव्हती. अंगठ्याच्या त्या सांध्याबद्दल लिहा.

मणिबंध

लिहिते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा पुढे दुसऱ्या हाताचं बोट दाबून ठेवा. आता अंगठ्याच्या टोकाने करंगळीचं टोक गाठा. अंगठ्याच्या पेरांत फार काही होत नाही, बोटाखालचं हाड मात्र आडवं येऊन वळताना जाणवेल. अंगठा समोर आणणं म्हणतो ते सगळं इथून.

मनगटात आठ छोटी हाडं आहेत. त्यातलं ट्रॅपिझियम आणि अंगठ्याचं तळहातातलं हाड यांचा हा खोगिरी सांधा. दोन्ही पृष्ठभाग एका दिशेने खोलगट, दुसऱ्या दिशेने फुगीर, म्हणून दोन दिशांना मोकळा. कॅप्सूल सैल असल्याने वाकताना थोडा पीळही घेतो. किंमत अशी की चिमटीत टोकाला लावलेला जोर तरफेमुळे मुळाशी कितीतरी पटींनी वाढून येतो. झाकण उघडताना, चावी फिरवताना मुळाशी दुखतं म्हणणाऱ्यांत पाळी गेलेल्या बायका पुष्कळ असतात, आणि दाखवतात त्या मनगट. ते मनगट नसतं.

शिंपला

मी उलट्या बाजूने. सायकलवरून तळहातावर पडलो. एक्स-रे साफ, "मुका मार आहे" सांगून क्रेप बँडेज दिलं. महिना उलटला तरी अंगठ्याच्या मुळाशी दुखतंच, मग पुन्हा तपासलं तर स्कॅफॉइड (मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं छोटं हाड) मोडलेलं. पहिल्यांदा दिसलं कसं नाही?

मणिबंध

स्कॅफॉइडची बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेत दिसली नाही असं बरेचदा होतं. म्हणून अंगठा ताणल्यावर मुळाशी दोन टेंडनांमध्ये जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे साफ असला तरी आधार देऊन दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा किंवा एमआरआय करायचा, असा शिरस्ता आहे. हे हाड हट्टी आहे. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि उलटं मनगटाकडे जातं. मधोमध मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो, जुळायला वेळ लागतो, कधी मरतोही.

पडताना जोर कसा चढतो तेही बघा. तळहातातून स्कॅफॉइड आणि त्याच्या शेजारचं लुनेट, तिथून रेडियस. अल्ना मनगटाच्या हाडांना थेट टेकतच नाही, मधे कूर्चेची चकती असते. मग रेडियसने घेतलेला जोर अल्नाकडे जातो कसा? दोन्हींच्या मधे एक चिवट पडदा आहे, त्याचे बहुतेक धागे रेडियसकडून तिरके खाली अल्नाकडे उतरतात. रेडियस वर ढकलली गेली की ते ताणले जाऊन अल्नालाही वर ओढतात. पुढे दंड, बशी, कॉलर बोन, छाती. साखळीत कुठली कडी तुटेल ते बरंचसं वयावर. लहान मुलांत कोपराच्या वर किंवा कॉलर बोन, तरुणांत स्कॅफॉइड, उतारवयात रेडियसचं खालचं टोक.

हे शेवटचं फ्रॅक्चर अब्राहम कॉलिस यांनी डब्लिनमध्ये १८१४ साली वर्णन केलं. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये. ८१ वर्षं आधी, निव्वळ बोटांनी चाचपून.

आगाऊ_कार्टं

आता माझा गंभीर प्रश्न. बोटं मोडतो, म्हणजे कटाकट वाजवतो. आई म्हणते संधिवात होईल.

कोरा_कागद

+१, माझीपण.

मणिबंध

सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. पृष्ठभाग झटक्यात दूर ओढले की आतला दाब पडतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. आवाज पोकळी तयार होताना येतो की फुटताना, यावर बराच काळ वाद होता. १९७१ मध्ये लीड्सच्या अभ्यासकांनी फुटताना म्हटलं. २०१५ मध्ये कॅनडात बोट ओढतानाचं एमआरआय चित्रण झालं, त्यात आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली आणि नंतरही ती तिथेच होती. वाद पुरता मिटलेला नाही. तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

संधिवाताचं म्हणाल तर डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेला ठेवला. संधिवात कुठल्याच हातात नाही. २००९ चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं. एका माणसावरचा प्रयोग आहे, पण आईला सांगायला पुरेल. दुखत असेल किंवा सूज असेल तर मात्र दाखवून घ्या.

सावली

शेवटचा प्रश्न. नवऱ्याच्या तळहातातलं हाड मोडलं तेव्हा प्लास्टर विचित्र घातलं होतं. मुठीच्या गाठींपाशी बोटं काटकोनात वाकवलेली आणि पुढची पेरं सरळ. आम्हाला वाटलं घाईत घातलं असेल.

मणिबंध

उलट, ज्याने घातलं त्याला काम येतं. पंजा सरळ धरून बोटं फाका, छान फाकतात. आता गाठींपाशी काटकोनात वाकवा, पुढची पेरं सरळ ठेवा, आणि फाका. बोटं एकमेकांपासून हलणारच नाहीत.

तिथल्या हाडाचं डोकं पूर्ण गोल नाही. बोट वाकलं की बाजूची दोन लिगामेंटं रुंद भागावरून जातात आणि ताणली जातात, सरळ असताना सैल पडतात. सैल अवस्थेत काही आठवडे बांधून ठेवलं तर ती आखडतात, मग प्लास्टर निघाल्यावर मूठच वळत नाही. म्हणून ताणलेल्या अवस्थेत बांधायचं. पुढच्या पेरांत गणित उलटं आहे, ती वाकलेली ठेवली तर आखडतात, म्हणून सरळ.

कोरा_कागद

हे करून पाहिलं, खरंच फाकत नाहीत. मग ते टेबलावर मधलं बोट दुमडून ठेवायचं आणि अनामिका उचलून दाखवायची, ती उचलतच नाही, तेपण याच लिगामेंटमुळे का?

मणिबंध

नाही, ते टेंडनांचं. बोटं सरळ करणारी टेंडनं हाताच्या पाठीवर एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असतात, एक अडकवलं की शेजारचंही अडकतं. त्यात सांध्यांचा दोष नाही. त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी प्रतिसाद देईन.